तिसरा ठोका

त्या वर्षी चेस्टनटची झाडं मेली. आधी शेंडे वाळले, मग साली फाटल्या, आणि भर उन्हाळ्यात घरामागचा डोंगर हिवाळ्यासारखा उघडा दिसायला लागला. एरवी आमची डुकरं त्या झाडांखाली सोडली की खाऊन खाऊन इतकी माजायची, की हाकेला दाद देत नसत. त्या वर्षी ती कुंपणाशी येऊन आमच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. जनावरं अशी बघायला लागली की घरातला पुरुष बाहेर काम शोधतो. माझा भाऊ हार्मन तर मुळातच एक पाय उंबऱ्याबाहेर असलेला माणूस.

घरात आम्ही तिघं. हार्मन, त्याची बायको झेल्फा, आणि मी, त्याची थोरली बहीण ऑर्लीना. मी लग्न केलं नाही. विचारायला जे आले त्यांचा मला संशय आला, आणि पुढं त्यांनी माझा संशय खरा करून दाखवला.

हार्मन फिडल वाजवतो. शहरातल्या लोकांना वाटतं, फिडल हे एका माणसाचं वाद्य. आमच्या खोऱ्यात त्याला दोन माणसं लागतात. एक गज ओढतो. दुसरा त्याच्या डाव्या गुडघ्याला गुडघा लावून बसतो आणि गज आणि बोटं यांच्या मधल्या वीतभर जागेत, त्याच तारांवर, दोन बारीक काड्यांनी ठेका धरतो. इतकं जवळ बसावं लागतं की वाजवणाऱ्यानं सकाळी कांदा खाल्लाय की नाही ते कळतं. म्हणून काड्या मारायला घरचंच माणूस बसतं. बायको, बहीण, नाहीतर मुलगी. परक्या बाईनं परक्या पुरुषाच्या फिडलवर काड्या मारल्या, तर आमच्याकडं त्याला कुणी वाजवणं म्हणत नाही.

हार्मनच्या लग्नाआधी काड्या मी मारायचे. चांगल्या मारायचे, हे मी नाही, आमचे वडील म्हणायचे. लग्न झालं आणि दुसऱ्याच रविवारी माझ्या स्टुलावर झेल्फा बसली. रीतच तशी आहे. पण बसायची जागा गेली की माणसाचे कान तीक्ष्ण होतात.

नव्या नवलाईच्या दिवसांतच काकवी आटवताना कढई कलली आणि झेल्फाचा उजवा हात भाजला. हात बरा झाला, पण मनगट पुरतं वळेना. तेव्हापासून तिचा तिसरा ठोका लंगडा पडायला लागला. एक, दोन, आणि तीन जरा उशिरा, जरा हलका. तिला हे ठाऊक नव्हतं. काड्या मारणाऱ्याच्या कानाशी फिडल किंचाळत असतं, हार्मनची टाच फळीवर आपटत असते. त्या गदारोळात स्वतःचा ठोका स्वतःला कसा कळणार? मला कळायचा. मी पडवीत शेंगा मोडत बसायचे आणि दर तिसऱ्या ठोक्याला एक शेंग कडाकन मोडायचे. माझ्या भावाला हे खपतं कसं, याचं मला नवल वाटायचं.

आदल्या वर्षी उत्तरेकडचा एक माणूस यंत्र घेऊन कोर्टाच्या गावी उतरला होता. डोंगरातली गाणी तबकडीत भरून नेतो म्हणत होता. हार्मन आणि झेल्फा गेले. फर्निचरच्या दुकानाच्या माडीवर त्यानं भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या, आणि हार्मनच्या पायाखाली एक उशी दिली, कारण टाचेच्या आवाजानं यंत्राची सुई उडत होती. दोन चाली भरून घेतल्या. झेल्फा म्हणाली, मला ऐकवा. तर म्हणे, ही मेणाची तबकडी आहे, ऐकवली तर बिघडेल, खरी तबकडी तयार झाली की पाठवू.

"ऐकल्यानं बिघडते ती वस्तू ऐकायला विकणार कशी?" मी विचारलं.

"तुला सगळ्यांतच काळंबेरं दिसतं," हार्मन म्हणाला.

तबकडी आली नाही. मग या वर्षी, झाडं मेल्यावर, खालच्या शहरातल्या रेडिओ स्टेशनचा माणूस मोटारीतून आला. दर शनिवारी येऊन वाजवा म्हणाला. त्याच्या गळ्यात रेशमी टाय होता आणि तो आमच्या कुत्र्याला सर म्हणत होता. झेल्फानं एप्रनला हात पुसत विचारलं, "मी काय घालून येऊ?"

"बाई, तुम्ही नको. काड्यांची मायक्रोफोनमध्ये नुसती खडखड होते. एकटं फिडल पाहिजे."

झेल्फा आत गेली. चुलीवर काही नसताना ती बराच वेळ काहीतरी ढवळत होती. हार्मन मक्याची शेवटची खुरपणी उरकून निघाला. "काकवीला येतो," म्हणाला. फिडल त्यानं पिठाच्या पोत्यात गुंडाळून नेलं.

खोऱ्यात रेडिओ एकच, क्लेब रॅटलिफच्या दुकानात. कानाला लावायची दोन डबडी, एका पट्टीनं जोडलेली, आणि एका वेळी एकानंच ऐकायचं. शनिवारी दिवेलागणीला सगळं खोरं तिथं जमायचं आणि क्लेबची बायको टेनी एकाच्या डोक्यावरून पट्टी काढून दुसऱ्याच्या डोक्यावर चढवायची, जशी काही ती मुकुटच वाटून देत होती. डोक काका, आमच्या चर्चमधले जुने जाणते, फिडल हे सैतानाचं खोकं आहे असं दर रविवारी सांगायचे आणि दर शनिवारी रांगेत पहिले असायचे.

मी डबडी लावली नाहीत. रेडिओच्या छपरावरच्या तारेवर वीज पडून क्लेबचा कोंबडा जागच्या जागी भाजला होता, तो मी डोळ्यांनी पाहिला होता. शिवाय ज्या आवाजाला तोंड नाही, त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही. तोंड बघून तरी थोडं कळतं.

पहिल्या शनिवारी झेल्फानं पट्टी चढवली आणि ओरडलीच, "हार्मनच! पायसुद्धा ऐकू येतोय!" कानात डबडी असली की माणूस ओरडून बोलतो. लोक हसले. ती लाजली. दुसऱ्या शनिवारीही तसंच झालं. येताना वाटेवर ती मला एकेक चाल गुणगुणून दाखवत होती. याच्यानंतर ही वाजवली, मग ती वाजवली.

त्याच्या पुढच्या शनिवारी तिनं पट्टी चढवली आणि ओरडली नाही. तोंडावरचा रंग उतरत गेला.

"काय गं?" मी विचारलं.

"काड्या," ती म्हणाली.

टेनीनं एक डबडं ओढून आपल्या कानाला लावलं आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाली, "अगंबाई! काय झेल्फा, तू इथं आणि तुझ्या काड्या तिथं?"

कुणीतरी खोकलं. डोक काका म्हणाले, "शहर आहे ते. तिथं सगळं मिळतं." झेल्फानं पट्टी काढून जपून मेजावर ठेवली आणि मीठ घ्यायला आलो होतो ते न घेताच बाहेर पडली.

वाटेत ओढा लागतो. तिथं दगडावरून उडी मारताना ती म्हणाली, "बाई आहे."

"पुरुषही असेल."

"पुरुष काड्या दाबून मारतो. हा हात हलका आहे." थोडं पुढं गेल्यावर, "मला खडखड होते म्हणून मागं ठेवलं. तिची होत नाही वाटतं खडखड."

हार्मन माझा भाऊ. पण पुरुष भाऊ असला म्हणून पुरुष असायचा राहत नाही. आमच्या वडिलांनाही सगळे भला माणूस म्हणायचे, आणि आईनं त्यांना दोनदा वेशीपार जाऊन ओढत आणलं होतं.

पुढचे शनिवार तसेच गेले. झेल्फा जायची. मी म्हणायचे, जाऊ नकोस, तर म्हणायची, गेले नाही तर टेनीला बरं वाटेल. दर वेळी काहीतरी नवं घेऊन यायची, जसं कुणी जखमेवरची खपली काढून बघतं.

"दोनच चाली वाजवतो आता. दर शनिवारी त्याच दोन. त्याला शंभर येतात, ऑर्लीना. दोनच का?"

"का?"

"तिला दोनच येतात म्हणून."

मग, "पाय आपटत नाही तो. तिला आवडत नसणार. मी कधी म्हटलं त्याला, पाय आपटू नकोस? घराची फळी झिजली!"

आणि एकदा, पाण्याची बादली तशीच हातात धरून, "तो थांबतो तिच्यासाठी."

"थांबतो म्हणजे?"

"गज क्षणभर रोखून धरतो. ती मागं पडते आणि तो तिला गाठू देतो. जसं चढावर कुणी मागं वळून हात देतं. माझ्यासाठी कधी थांबला नाही तो. पळायचा नुसता, आणि मी मागून धापा टाकत." बादलीतलं पाणी तिच्या पायावर सांडत होतं, तिकडं तिचं लक्ष नव्हतं. मला तिची दया आली. इतकी वर्षं एका छपराखाली काढून मला तिची दया पहिल्यांदाच आली, आणि ती येताना बरी वाटली नाही.

मध्येच टपालानं हार्मनकडून पुडकं आलं. चिठ्ठी नाही, नुसते कापडाचे तुकडे. निळ्या चौकड्यांचे, सगळे एकाच थानातले, कडेला विणीत चुकलेले. झेल्फानं ते पसरले. "हे पुरुषानं निवडलेलं नाही," म्हणाली आणि पेटीत तळाशी कोंबून टाकले. मी ते पुन्हा बाहेर काढून झटकले. त्यातून कापसाचे पांढरे तंतू उडाले आणि मला शिंक आली. दुकानातल्या कापडाला असे तंतू नसतात. मी ते मनात ठेवलं.

सप्टेंबरच्या अखेरीस गोड ज्वारी तयार झाली. काकवीसाठी आधी ताट उभं असतानाच पाती ओरबाडायची, मग तुरे छाटायचे, मग बुडातून तोडायचं. पुरुषाचं काम, पण पुरुष शहरात बसून दोन चाली वाजवत होता. आम्ही दोघी लांब बाह्या घालून उतरलो. पात्यांच्या कडा करवतीसारख्या. मनगटांना, गालांना ओरखडे पडले आणि त्यात घाम गेला की जीव नको व्हायचा. झेल्फाला उजव्या हातानं कोयता पेलत नव्हता. ती डाव्यानं तोडायची, वाकडंतिकडं, आणि माझ्याकडे बघायची नाही.

दुपारी बांधावर बसून आम्ही थंड मक्याची भाकर आणि ताक घेतलं. झेल्फानं ज्वारीचे दोन बारीक तुकडे उचलले.

"बघायचंय कशी मारते ती?" म्हणाली. "आणि माझ्या नवऱ्याला चालतं!"

तिनं पत्र्याची बादली उपडी केली, ओठ मुरडले, आणि त्या बाईची नक्कल करायला लागली. एक, दोन, आणि तीन जरा उशिरा, जरा हलका. एक, दोन, आणि तीन लंगडा.

माझा घास तोंडातच राहिला.

"अशी," झेल्फा म्हणाली. "पांगळी मेली. काय बघतेयस?"

"पुन्हा मार."

तिनं पुन्हा मारून दाखवलं. मी ताक संपवलं, भांडं पालथं घातलं.

"येत्या शनिवारी ती डबडी मला दे," मी म्हणाले.

"तुला? आणि वीज?"

"आभाळ बघून लावीन."

शनिवारी आभाळ निवळ होतं. दुकानात नेहमीचीच गर्दी. मी रांगेत उभी राहिले तेव्हा टेनीनं आ वासला. "ऑर्लीनाबाई सैतानाकडं आल्या हो!" डोक काका म्हणाले, "या, या, जागा करा." मी पट्टी चढवली. ती केसांत रुतली. आधी तव्यावर चरबी तडतडावी तसा आवाज आला, मग एक गोड गळ्याचा माणूस, जसा काही माझ्याच कवटीत बसून, बोलला: आता आमच्या स्टुडिओतून, तुमच्यासमोर, हार्मन स्टिल्टनर आणि त्याचं फिडल.

आणि फिडल सुरू झालं. माझ्या भावाचं. चूक होणंच शक्य नव्हतं. आणि त्याच्या पोटात काड्या. एक, दोन, आणि लंगडा तीन. इतकी वर्षं त्या तिसऱ्या ठोक्यावर मी शेंगा मोडल्या होत्या; तो मला कबरीतूनही ओळखू आला असता.

पण मी आणखी एक ऐकलं. तिथं टाच नव्हती; उशीनं खाल्ली होती. आणि टाच नसल्यामुळं तिच्याखाली इतकी वर्षं दडलेलं उघडं पडलं होतं. हार्मन थांबत होता. दर तिसऱ्या ठोक्याआधी गज केसभर रोखत होता, ठोका पडू देत होता, आणि मग दोघं मिळून पुढं जात होते. मी त्याची बहीण, त्याच्या शेजारी बसून वाढलेली, तीक्ष्ण कानांची, आणि मला हे कधी ऐकू आलं नव्हतं. माझ्यासाठी तो कधी थांबला नव्हता. त्याला थांबावं लागत नव्हतं.

टेनीनं पट्टी ओढून काढली. "झाली पाळी!"

मी झेल्फाला दंडाला धरून बाहेर, घोडे बांधायच्या दांडीपाशी नेलं.

"कोण आहे?" ती म्हणाली. "ओळखलंस तू. तुझ्या तोंडावर दिसतंय. सांग."

"तूच आहेस."

"ऑर्लीना, चेष्टा करू नकोस."

"मी कधी चेष्टा केलीय? तो लंगडा ठोका तुझा आहे. हात भाजल्यापासून तू तसाच मारतेस. ते लोक तबकडी लावतायत, झेल्फा. ती गोधड्यांच्या खोलीतली. म्हणून दोन चाली. म्हणून पाय नाही."

तिनं आपल्या उजव्या मनगटाकडं बघितलं, जसं कुणी दुसऱ्याच्या मुलाकडं बघतं. "मी असं मारते?"

"असंच."

"आणि तो... तो माझ्यासाठी..."

"हो."

ती दांडीला टेकली आणि रडायला लागली, आणि रडता रडता हसायला लागली. "पांगळी मेली म्हटलं मी तिला!" मीही हसले. आतून कुणीतरी डोकावून गेलं. आणि मग तिचं हसू मधेच तुटलं. मी त्याची वाटच बघत होते, कारण माझ्या मनात तो प्रश्न तिच्याआधी आला होता.

"तबकडी असेल," झेल्फा हळूच म्हणाली, "तर मग हार्मन कुठंय?"

आम्ही मीठ घेतलं आणि घरी गेलो. आधी निदान तो कुठं बसलाय ते ठाऊक होतं, कुणाच्या गुडघ्याला गुडघा लावून एवढाच प्रश्न होता. आता सगळा मुलूख उघडा पडला. घरी आल्यावर झेल्फानं पेटी उघडली आणि कापडाचे तुकडे काढून नाकाशी धरले. "तेलाचा वास येतो," म्हणाली. मी म्हणाले, "यंत्राचं तेल."

काकवीच्या दिवशी डोक काकांनी त्यांचं खेचर दिलं. चरकाच्या दांडीला जुंपून ते पहाटेपासून गोल फिरत होतं. मी ताटं चरकात घालत होते, हिरवा रस पोत्यातून गाळून लांबट कढईत पडत होता आणि झेल्फा लांब दांड्याच्या झाऱ्यानं फेस काढत होती. फेस वेळेवर काढला नाही तर सगळी काकवी कडवट होते. वाफेनं तिचे केस कपाळाला चिकटले होते. खेचर एकदम थांबलं आणि कान टवकारले.

हार्मन वाटेवर उभा होता. काखेत पिठाचं पोतं.

"काकवीला येतो म्हटलं होतं," तो म्हणाला.

वाळला होता. कोट तोच. दाढीत आणि कानांच्या पाळ्यांमागं पांढरं काहीतरी अडकलं होतं, आणि बोलायच्या आधी तो खोकायचा. त्यानं पोतं पडवीत ठेवलं, बाह्या सरसावल्या आणि माझ्या हातातली ताटं घेतली. झेल्फानं झारा थांबवला नाही.

"कसं काय चाललंय तिथं?" ती म्हणाली.

"बरं आहे. लोकांना आवडतं." खोकला. "ऐकता ना तुम्ही?"

"ऐकतो की. दर शनिवारी."

"गेल्या शनिवारीही वाजवलं. ऐकलंस?"

"ऐकलं." तिनं फेस बाजूच्या खड्ड्यात झटकला. "तिथं काड्या कोण मारतं रे?"

हार्मननं मान वर केली. बायको असं विचारते तेव्हा कुठलाही पुरुष जे उत्तर देतो तेच त्यानं दिलं, आणि छातीवर हात ठेवून दिलं. "कुणी नाही! शपथ, झेल्फा. मी एकटाच वाजवतो. कुणाला जवळ बसू देईन का मी?"

आठवड्यापूर्वी हे ऐकलं असतं तर तिनं उकळता रस त्याच्या अंगावर ओतला असता. आता ती त्याच्याकडं बघत राहिली. "एकटाच," ती म्हणाली. "मला मात्र काड्या ऐकू येतात. बाईच्या. तिसरा ठोका लंगडा पडतो तिचा."

चरकात ताट अडकलं होतं, खेचर ओढत होतं, दांडी कुरकुरत होती.

"आणि तू थांबतोस तिच्यासाठी."

हार्मनच्या हातातून ताटं खाली पडली. तो पडवीच्या पायरीवर बसला.

"तबकडी," तो म्हणाला. "ती लावतात होय अजून?" जमिनीकडं बघत बोलत होता. "दोनच शनिवार वाजवलं मी. तिसऱ्या शनिवारी जिना चढून गेलो, तर तो टायवाला दारातच उभा. म्हणाला, तुमची तबकडी मिळालीय, आता तुम्ही आला नाहीत तरी चालेल. मी म्हटलं, मी आलोय की. तर म्हणाला, तुम्ही आतच आहात. आणि दार लावून घेतलं."

"मग घरी का नाही आलास?" मी विचारलं.

"कुठल्या तोंडानं? सगळं खोरं क्लेबकडं जमून ऐकतंय, हार्मन रेडिओवर वाजवतो म्हणून. आणि मी त्याच वेळी दारात उभा? काय सांगू, माझ्या जागी मीच बसलोय?" तो खोकला. "खाली कापडाची गिरणी आहे. झाडूवाला पाहिजे होता."

झेल्फानं झारा माझ्या हातात दिला. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, कानशिलात देते. तिनं बोटांनी त्याच्या दाढीतले तंतू काढले. कानामागचे काढले. सावकाश, एकेक धागा, जसं कुंपणातून आलेल्या मेंढीचे काटे काढतात.

"कधीपासून थांबतोस?"

"हात भाजला तेव्हापासून."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू मारायचं सोडलं असतंस."

"मी महिनाभर झोपले नाही," ती म्हणाली. "त्या पांगळीचा जीव घ्यायला निघाले होते." आणि तिनं त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी फेस काढत राहिले. कुणीतरी काढायला पाहिजेच होता.

काकवी उतरवल्यावर, उन्हं कलताना, हार्मननं पोत्यातून फिडल काढलं. झेल्फा स्टुलावर बसली, गुडघ्याला गुडघा लावून. मी पडवीत बसले, मांडीवर शेंगा. त्यानं गज ओढला. एक, दोन, आणि आता तिला ठाऊक झालं होतं, तर तिनं सगळा जोर लावून, दात चावून, तिसरा ठोका वेळेवर मारला. हार्मन थांबला होता. ठोका पुढं गेला, गज मागं राहिला, चाल धडपडली.

"तू कशाला थांबलास?"

"तू कशाला घाई केलीस?"

पुन्हा सुरू केलं. आता तो थांबला नाही आणि ती मागं पडली. पुन्हा केलं. ती त्याच्या हाताकडं बघत होती, तो तिच्या मनगटाकडं. अंधार पडेपर्यंत त्यांना ती चाल एकदाही धड वाजवता आली नाही, जी ते आंधळ्यासारखी वर्षानुवर्षं वाजवत आले होते. हार्मननं फिडल परत पोत्यात गुंडाळलं. "उद्या जमेल," म्हणाला. मी एकही शेंग मोडली नव्हती.

पुढच्या शनिवारी काकवीचे डबे घेऊन आम्ही तिघं क्लेबच्या दुकानात गेलो. हार्मनला यायचं नव्हतं. झेल्फा म्हणाली, कधीतरी यावंच लागेल. दार ढकललं तर आत मेजाशी डोक काका, डोक्यावर पट्टी, डोळे मिटलेले, मान डोलत. टेनीच्या हातातलं माप तसंच राहिलं. क्लेब उठून उभा राहिला. हार्मननं टोपी काढली आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

डोक काकांनी डोळे न उघडताच हात वर केला.

"श्श!" ते ओरडले. "जरा गप्प बसा रे! हार्मन वाजवतोय."

कुणी हसलं नाही. हार्मन टोपी हातात धरून दाराशीच उभा राहिला. झेल्फानं त्याच्या कोटाच्या बाहीवर दोन बोटं टेकवली आणि डोक काकांच्या डोलणाऱ्या मानेकडं बघत, अगदी हलक्या हातानं, ठेका धरला. एक, दोन. तिसरा तिनं जसा पडेल तसा पडू दिला.